स्क्रीन मधेच काळी होते: पाच मशीनच्या डिस्प्ले ड्रायव्हरच्या नोंदी

डीटीपीच्या एका ऑफिसातली पाच एकसारखी मशीन. एकाच वेळी घेतलेली, सगळ्यांत तेच मदरबोर्ड, तेच ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि विंडोज १० प्रो, आवृत्ती २२एच२. कार्ड कुठल्या कंपनीचं हे इथे लिहिलेलं नाही, कारण तपासाची पद्धत सगळ्याच कंपन्यांच्या कार्डांना सारखीच लागू पडते. मेन्यूंची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात तशीच, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

३ जून २०२४

तक्रार अशी की २, ३ आणि ५ नंबरच्या मशीनची स्क्रीन मधेच काळी होते आणि दोन-चार सेकंदांनी आपोआप परत येते. कधी दिवसातून एकदा, कधी तासाभरात दोनदा. काम सेव्ह केलेलं नसलं तरी बहुतेक वेळा वाचतं, पण ३ नंबरवर एकदा कोरलड्रॉ (पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर) बंद पडून अर्ध्या पानाची मांडणी गेली. १ आणि ४ नंबरवर एकदाही असं झालेलं नाही. आषाढीच्या विशेषांकाचं काम सुरू आहे, एकादशी १७ जुलैला, म्हणजे मशीन आठवडाभर काढून ठेवता येणार नाहीत. जे करायचं ते कामाच्या मधल्या वेळात.

प्रत्येक मशीनशेजारी एक वही ठेवली. रकाने चार: वेळ, कुठलं सॉफ्टवेअर उघडं होतं, नेमकं काय दिसलं, किती सेकंदांनी परत आलं.

४ जून

पहिला संशय व्होल्टेजवर गेला. पाऊस सुरू झाला की इथे दिवे मिचमिचतात, त्यामुळे हा संशय सगळ्यांनाच पटला. ३ नंबरच्या यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी तीन वर्षांची होती. ती बदलली, ९५० रुपये. दुपारी तीनपर्यंत स्क्रीन पुन्हा दोनदा काळी झाली.

ही बॅटरी घ्यायच्या आधी एक साधी गोष्ट बघायला हवी होती. व्होल्टेज पडलं असतं तर मॉनिटरचा पॉवरचा दिवा गेला असता, यूपीएस वाजला असता आणि त्याच बोर्डावरच्या ४ नंबरलाही त्रास झाला असता. यातलं काहीच झालेलं नव्हतं. अर्धा दिवस गेला.

५ जून

२, ३ आणि ५ च्या एचडीएमआय केबल बदलल्या. तीन केबल, प्रत्येकी ३२०, एकूण ९६० रुपये. २ नंबरचा त्रास त्या क्षणापासून थांबला. ३ आणि ५ चा थांबला नाही.

इथे गोंधळ वाढला. एका मशीनला केबलने गुण आला म्हणून संध्याकाळपर्यंत बाकी दोघांवरही केबलचाच प्रयोग चालू राहिला: दुसरा पोर्ट, दुसरा मॉनिटर, मग परत पहिला पोर्ट. शिवाय केबल विकत आणायची गरजच नव्हती. १ नंबरची चांगली केबल काढून ३ ला लावली असती तर दहा मिनिटांत तेच कळलं असतं.

७ जून

चार दिवसांच्या वह्या समोर घेतल्या. २ नंबरच्या ५ नोंदी, सगळ्या केबल बदलायच्या आधीच्या. ३ नंबरच्या ९, ५ नंबरच्या ७. ‘नेमकं काय दिसलं’ हा रकाना नीट वाचल्यावर लक्षात आलं की काळं होणं दोन प्रकारचं आहे.

२ नंबरवर स्क्रीन चालू कामातून एकदम काळी व्हायची, लगेच मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ची चौकट यायची, आणि चित्र परत आलं की मधल्या वेळात टाइप केलेली अक्षरं पानावर उमटलेली असायची. म्हणजे मशीन आपलं काम करतच होतं, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोचत नव्हतं. ३ नंबरवर आधी सगळं गोठायचं. माउसचा बाण जागच्या जागी अडकायचा, दोन सेकंद तसंच, आणि मग काळं. परत आल्यावर ब्राउझरची खिडकी कधी कोरी पांढरी, कधी कोरलड्रॉच्या पानावर काळे चौकोन.

खात्रीसाठी ३ नंबरवर कोपऱ्यात सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू ठेवलं आणि मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग लावलं. थोड्या वेळाने घटना सापडली. शूटिंगमध्ये स्टॉपवॉच १४:०७ वर थांबलेलं दिसतं, पडदा काळा होतो आणि परत येताना आकडा थेट १४:१२ वर असतो. केबलचा दोष असता तर आकडा काळं होईपर्यंत पळताना दिसला असता. आधी गोठलं आणि मग काळं झालं, तर केबलकडे बघत बसू नये.

८ जून

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतःच्या घडामोडी जिथे नोंदवून ठेवते ते, उघडलं. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, उजवीकडे फिल्टर करंट लॉग आणि इव्हेंट आयडीच्या चौकटीत ४१०१. ही नोंद डिस्प्ले ड्रायव्हरने (विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेलं सॉफ्टवेअर) प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो परत सावरला, असं सांगते. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. कार्डाला दिलेलं काम दोन सेकंदांत पुढे सरकलं नाही की विंडोज ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते. वहीत लिहिलेले ते गोठलेले दोन सेकंद हेच.

वहीतल्या वेळा लॉगशी जुळेनात. सगळ्या जवळपास चार मिनिटांनी पुढे होत्या. भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं आणि सगळे वेळ तिथून बघून लिहीत होते. चार मिनिटं वजा केल्यावर ३ नंबरच्या नऊच्या नऊ नोंदी बरोबर बसल्या. लॉगमध्ये आणखी दोन होत्या, तेव्हा खुर्चीवर कोणी नव्हतं. यापुढे वेळ टास्कबारवरची लिहायची असं ठरलं.

२ नंबरवर ४१०१ एकही नाही. तो दोष केबलचा होता, संपला.

५ नंबरच्या सातपैकी पाच जुळल्या, दोन जुळल्या नाहीत. त्या दोन ‘लिहिण्यात चुकलं असेल’ म्हणून सोडून दिल्या. तसं करायला नको होतं, पुढे १ जुलैची नोंद बघा.

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधलं की तारखांचा तक्ता उघडतो. ३ नंबरवर त्याच दिवसांना लाल फुल्या, आणि आत ‘हार्डवेअर एरर’, ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’, कोड १४१. ‘हार्डवेअर’ हा शब्द वाचून कार्ड खराब झालं असं समजू नये. १४१ चा अर्थ इतकाच की कार्डाचं एखादं इंजिन वेळेत उत्तर देऊ शकलं नाही. ते ड्रायव्हरमुळेही होतं, गरम होण्यानेही आणि कमी पॉवरनेही. कोड कारण सांगत नाही.

१० जून

ड्रायव्हरला हात लावायच्या आधी कार्ड, उष्णता आणि पॉवर बाजूला काढणं भाग होतं.

जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सर्सच्या पानावर ‘लॉग टू फाइल’ लावलं, दर सेकंदाला एक नोंद. घटनेच्या क्षणी कार्डाचं तापमान ६१ अंश, पंखा चालू, कार्डावर ताण जेमतेम. उष्णता नाही. कार्डाला वेगळी पॉवरची वायर नाही, ते स्लॉटमधूनच चालतं, म्हणजे ७५ वॅटच्या आत. ४५० वॅटच्या एसएमपीएसला ते जड नाही.

मग १ नंबरचं कार्ड ३ मध्ये आणि ३ चं १ मध्ये घातलं. मशीन बंद, पॉवरची पिन काढलेली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच कार्डाला स्पर्श, आणि स्लॉटच्या टोकाची खिटी दाबल्याशिवाय ओढायचं नाही. संध्याकाळी सहापर्यंत ३ नंबर १ च्या चांगल्या कार्डावरही दोनदा गोठलं. १ नंबर ३ च्या ‘खराब’ कार्डावर दिवसभर व्यवस्थित चाललं. दोष कार्डाबरोबर गेला नाही, मशीनमध्येच राहिला. या सबंध तपासात सगळ्यात मोलाचा तास हाच. नवीन कार्डाची चौकशी सुरू झाली होती, ती थांबली.

तुमच्याकडे दुसरं मशीन नसेल तर निदान एवढं करा: बायॉसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) पडद्यावर मशीन अर्धा तास सोडून द्या. तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालतच नाही. तिथेही स्क्रीन झगमगली तर मॉनिटर, केबल किंवा कार्ड बघा.

११ जून

१ आणि ४ मध्ये काय आहे जे ३ आणि ५ मध्ये नाही? डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. पाचही मशीनची तारीख आणि आवृत्ती एका कागदावर लिहिली. १ आणि ४ वर जुना ड्रायव्हर, २, ३ आणि ५ वर नवा. १ आणि ४ ही छपाईच्या फाइल तयार करायची मशीन, त्यांना इंटरनेट दिलेलंच नाही. बाकीच्यांवर नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आपोआप आला.

तो कधी आला? विंडोजच्या फोल्डरात आयएनएफ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘सेटअपएपीआय.डेव्ह’ नावाची लॉग फाइल. नोटपॅडमध्ये उघडून कार्डाचं नाव शोधलं. २७ मे. लॉगमधली पहिली ४१०१ ची नोंद २८ मेची.

२ नंबरवरही तोच नवा ड्रायव्हर आहे आणि तिथे त्रास नाही. त्या मशीनवर फक्त टायपिंग होतं, कोरलड्रॉ आणि ब्राउझर एकत्र उघडे नसतात. तरी त्याच्यावर नजर ठेवायची.

१२ जून

आज तीन उपाय केले, तिन्ही फसले.

पहिला: कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून सगळ्यात ताजा ड्रायव्हर उतरवून ३ नंबरवर आहे त्याच्यावरच टाकला. दीड तासाने ४१०१. दुसरा: ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबलं. हे बटण एकच पायरी मागे नेतं. ताजा ड्रायव्हर नुकताच टाकलेला, त्यामुळे मागची पायरी म्हणजे २७ मेचाच ड्रायव्हर. हे बटण वापरायचं असेल तर सगळ्यात आधी वापरा, दुसरं काही टाकल्यावर नाही.

तिसरा: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, ‘टीडीआर-डिले’ची किंमत वाढवून ८ केली. दोन सेकंदांऐवजी आठ सेकंद थांबा, असं विंडोजला सांगणारी ही किंमत. परिणाम असा की मशीन आठ सेकंद गोठायला लागलं आणि मग काळं झालंच. ड्रायव्हर अडकलाच असेल तर त्याला जास्त वेळ देऊन काही होत नाही. थ्रीडी रेंडरिंगसारख्या कामात कार्डाला खरोखर वेळ लागतो, तिथे ही किंमत उपयोगी. इथे ती पुसून टाकली.

१३ जून

३ नंबरवर ड्रायव्हर मुळापासून काढला. वेळ ५० मिनिटं, त्यातली २० तयारीची. क्रम लिहून ठेवतो, कारण तो चुकला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी १ नंबरवरच्याच आवृत्तीचा जुना ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घेतला. डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हेही पेनड्राइव्हवर. विंडोजचा पासवर्ड माहीत असल्याची खात्री केली, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींसह सुरू होते तो प्रकार) पिन चालेलच असं नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर हवी, मशीन ती मागू शकतं. मग लॅनची वायर काढली. हे विसरायचं नाही. ड्रायव्हर काढल्यावर विंडोजला इंटरनेट दिसलं की ती स्वतःच पुन्हा तोच ड्रायव्हर आणून बसवते.

शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४. सेफ मोडमध्ये डीडीयू उघडून जीपीयू आणि कंपनी निवडली, ‘क्लीन अँड रीस्टार्ट’. मशीन परत आलं तेव्हा स्क्रीन ढोबळ रिझोल्यूशनची, अक्षरं मोठी. घाबरायचं कारण नाही, हा विंडोजचा बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. उलट याचा फायदा घ्यायचा: जेवणाची सुट्टी होईपर्यंत मशीन असंच ठेवलं, ब्राउझर उघडा. एकदाही गोठलं नाही. मग जुना ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, आवृत्ती तपासली आणि त्यानंतरच लॅनची वायर लावली.

डीडीयूच्या ऑप्शन्समध्ये विंडोज अपडेटवरून ड्रायव्हर येणं थांबवायची एक खूण आहे, ती केली.

१४ जून

५ नंबरवर हेच. घाईत ती खूण राहून गेली.

आता थांबायचं. किती? ३ नंबरवर दोन घटनांमधलं सगळ्यात मोठं अंतर कामाच्या ११ तासांचं होतं. त्याच्या तिप्पट, म्हणजे ३३ तास, काही झालं नाही तरच दुरुस्त झालं म्हणायचं. अधूनमधून येणाऱ्या दोषात एक शांत दिवस काहीच सिद्ध करत नाही.

२४ जून

३ नंबर दहा दिवस स्वच्छ. ५ नंबरवर सकाळी ४१०१. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची तारीख पुन्हा नवी. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, व्ह्यू अपडेट हिस्टरी, ड्रायव्हर अपडेट्स: २१ जूनला ग्राफिक्सचा ड्रायव्हर आलेला. १४ तारखेची राहिलेली खूण इथे महागात पडली. ५ नंबर पुन्हा साफ केलं, ४५ मिनिटं.

२६ जून

३ नंबरला लेबलचा नवीन प्रिंटर जोडला, विंडोजला त्याचा ड्रायव्हर सापडेना. तासभर प्रिंटरची यूएसबी वायर बदलत बसल्यावर लक्षात आलं: डीडीयूमधली ती खूण एकट्या ग्राफिक्स कार्डापुरती नसते, सगळ्याच उपकरणांचे ड्रायव्हर अडवते. खूण काढली, प्रिंटर लागला.

म्हणजे फक्त कार्डापुरता अडसर हवा होता. विंडोज प्रोमध्ये तो असा घालता येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, डीटेल्स, यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. सगळ्यात वरची ओळ कॉपी केली. मग ग्रुप पॉलिसी एडिटर: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, डिव्हाइस इन्स्टॉलेशन, डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्स. तिथे ठरावीक डिव्हाइस आयडी जुळणाऱ्या उपकरणांना अडवणारी पॉलिसी चालू केली आणि ती ओळ चिकटवली. खालची ‘आधीपासून बसवलेल्या उपकरणांनाही लावा’ ही चौकट रिकामीच ठेवायची, नाहीतर चालू असलेला ड्रायव्हरही जातो. ३ आणि ५ दोन्हीवर केलं. अपडेटच्या यादीत अयशस्वी अशी नोंद दिसत राहते, ती तशीच राहू द्यायची. पुढे आपण स्वतः ड्रायव्हर बदलणार असू तेव्हा ही पॉलिसी आधी बंद करायला हवी, म्हणून मशीनच्या पत्र्यावर तारखेसह चिठ्ठी चिकटवली.

१ जुलै

५ नंबरवर पुन्हा तक्रार, पण वेगळी. अर्ध्या सेकंदाचा काळा झटका, गोठणं नाही, ‘नो सिग्नल’ नाही, ४१०१ नाही. ८ जूनला सोडून दिलेल्या दोन नोंदी काढून बघितल्या: दोन्हींत ‘पटकन काळं, अर्धा सेकंद’ असंच लिहिलेलं, आणि दोन्ही वेळा ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू. ज्याने लिहिलं त्याने बरोबर लिहिलं होतं, वाचणाऱ्याने सोडलं.

टास्क मॅनेजर उघडा ठेवून पाहिलं. तोही बाकी स्क्रीनबरोबर झगमगला तर संशय ड्रायव्हरवर, तो स्थिर राहून बाकीचं झगमगलं तर एखाद्या सॉफ्टवेअरवर. तो झगमगला.

५ नंबरला दोन मॉनिटर आहेत, एक ६० हर्ट्झवर, दुसरा ७५ वर. बाकी कोणाला दोन नाहीत. दोन्ही ६० वर आणले, झटके दिवसाला सहा-सातवरून एकावर आले. उरलेल्यासाठी मल्टी-प्लेन ओव्हरले बंद केलं. व्हिडिओचा थर वेगळा ठेवून तो थेट कार्डाकडूनच मिसळून घेण्याची ही सोय, आणि वेगवेगळ्या हर्ट्झच्या दोन मॉनिटरवर काही ड्रायव्हर तिथे अडखळतात. रजिस्ट्रीत एचकेएलएम (एचकी लोकल मशीन), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डीडब्ल्यूएम. तिथे ३२ बिटची डीवर्ड किंमत, नाव ‘ओव्हरलेटेस्टमोड’, इंग्रजीत सलग, मधे जागा नाही. किंमत ५. आधी त्या फोल्डरची एक्स्पोर्ट फाइल काढून ठेवली. रीस्टार्ट.

१७ जुलै

५ नंबरवर सोळा दिवसांत एकही झटका नाही. ३ नंबरवर १३ जूनपासून ४१०१ शून्य. २ नंबरवर अजून नवाच ड्रायव्हर आहे आणि त्रास नाही, त्याला हात लावलेला नाही.

खर्च १,९१० रुपये. त्यातले कामाचे ३२०, २ नंबरच्या केबलचे. वेळ सुमारे १९ तास, त्यातले ११ तास ८ जूनच्या आधीचे, लॉग न उघडता घालवलेले. यूपीएसची जुनी बॅटरी टाकली नाही, तपासली तर अजून १२ मिनिटं टिकते.